सकाळची भूक आदल्या संध्याकाळपासून ठरते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी ९ वर्षांची, चौथीत. शाळा साडेसातला भरते, ती ६ला उठते आणि सकाळी तोंडात घास घालत नाही. ‘मळमळतंय’ म्हणते. कसंबसं अर्धा कप दूध, तेही साखर आणि चॉकलेटची पावडर घातलेलं, रडतरडत पोटात जातं. मधली सुट्टी १०ला. त्याआधीच पोटात दुखतंय म्हणून ती बाईंकडे जाते, आणि दुसऱ्या तासानंतर तिचं लक्ष नसतं अशी शाळेची तक्रार आहे. आजी म्हणतात, पोरीला उपाशी घराबाहेर काढू नका. बाबा म्हणतात, भूक लागली की खाईल. यात कोणाचं बरोबर, आणि बळजबरीने भरवू का, असं तुम्ही विचारलंय.

बळजबरी करू नका, हे आधी सांगते. बाकी आजींचंही बरोबर आहे आणि बाबांचंही. तिला खायला हवं हे खरं, आणि भूक नसताना ती खाणार नाही हेही खरं. म्हणजे काम एकच उरतं: साडेसहाच्या सुमारास तिला भूक लागेल अशी तजवीज करायची. ही तजवीज सकाळी करून होत नाही, आदल्या संध्याकाळी करावी लागते. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी २६ वर्षं मुलं तपासते आहे. ‘सकाळी काही खात नाही’ ही तक्रार माझ्याकडे सतत येते, आणि बहुतेक घरांत सकाळपेक्षा रात्रीच्याच वेळा आधी बदलाव्या लागतात. तुम्ही जाता जाता लिहिलंय की रात्रीचं जेवण साडेनऊला होतं, बाबा आल्यावर सगळे एकत्र बसता, आणि ती झोपते साडेदहाला. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या वाक्यात आहे. त्याकडे येतेच.

आधी, सकाळी खायला का हवं ते. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज. मेंदू ते साठवून ठेवत नाही म्हणावं इतकं कमी साठवतो, त्यामुळे रक्तातून त्याचा पुरवठा सतत चालू राहावा लागतो. रात्री आपण झोपलेलो असताना हा पुरवठा यकृत करतं, स्वतःजवळच्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवून ठेवलेल्या ग्लुकोजच्या, साठ्यातून. मुलाचं यकृत लहान, म्हणून साठाही लहान. खर्च मात्र मोठा. १९८७ साली अमेरिकेत डॉ. हॅरी चुगानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट स्कॅन करून मुलांच्या मेंदूचा ग्लुकोजचा वापर मोजला. साधारण ४ ते ९ या वयात, मेंदूच्या तेवढ्याच वजनामागे, तो मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट असल्याचं दिसलं. तुमची मुलगी त्याच वयात आहे. साठा आटत आला की शरीर चरबी आणि स्नायूंतल्या प्रथिनांवर भागवायला लागतं, त्यासाठी अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं कामाला लागतात. निरोगी मुलाची रक्तशर्करा त्यामुळे सहसा धोक्याच्या पातळीपर्यंत घसरत नाही. म्हणून ‘उपाशी शाळेत गेली तर चक्कर येऊन पडेल’ ही धास्ती घेऊ नका. पण साडेनऊच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी १०पर्यंत, म्हणजे साडेबारा तास, अर्ध्या कप दुधावर काढून त्यातच भागाकार शिकायचे, हे ओढाताणीचंच आहे.

‘दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं जेवण’ हे वाक्य आपण इतक्या जाहिरातींत ऐकलंय की त्यातलं किती खरं ते नीट सांगायला हवं. जमैकात १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९ ते साडेदहा वर्षांच्या मुलांना एका सकाळी नाश्ता दिला आणि दुसऱ्या एका सकाळी दिला नाही. जी मुलं मुळातच कुपोषित होती किंवा ज्यांची उंची खुंटलेली होती, त्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी उपाशीपोटी घसरली. चांगल्या पोसलेल्या मुलांवर त्या एका सकाळचा असा वाईट परिणाम दिसला नाही. त्याच देशात पुढे १६ ग्रामीण शाळांतल्या ८००हून जास्त मुलांवर वर्षभराचा प्रयोग झाला. निम्म्या मुलांना रोज शाळेत नाश्ता, बाकीच्यांना फक्त पाव संत्रं. १९९८ साली त्याचे निष्कर्ष आले: नाश्ता मिळालेल्या मुलांची हजेरी, उंची आणि वजन थोडं वाढलं, आणि त्यातल्या लहान वर्गांतल्या मुलांचं गणित सुधारलं. सुधारणा लहान होत्या, पण खऱ्या होत्या. म्हणून मी आयांना सांगते की एखाद्या दिवशी नाश्ता राहिला तर त्या दिवसाचं ओझं मनावर घेऊ नका. रोजच राहत असेल तर मात्र लक्ष घाला.

रोज नाश्ता चुकण्याचा मला जाणवणारा मोठा तोटा वेगळाच आहे. सकाळी जे कॅल्शियम, लोह, तंतू आणि जीवनसत्त्वं पोटात जायची, ती बहुतेक मुलं दिवसात पुढे भरून काढत नाहीत. उष्मांक भरून निघतात, कारण दुपारी भूक कडाडते आणि हाताला लागेल ते खाल्लं जातं. पोषणाची तूट तशीच राहते. नाश्ता न करणारी मुलं जाड होतात असं आपण ऐकतो, त्यातही हाच गोंधळ आहे. अशा मुलांमध्ये वजन जास्त आढळतं हे पाहण्यांतून दिसलंय, पण ती मुलं उशिरा झोपतात, कमी हालचाल करतात, अरबटचरबटही जास्त खातात. नुसता नाश्ता सुरू केल्याने वजन उतरतं असं समजून कुणी करू नये.

आता तुमच्या मुलीला सकाळी भूक का नसते ते. तिचं ‘मळमळतंय’ हे सोंग नाही, आधी तेवढं मान्य करा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही मोठ्या माणसांना दिवस-रात्रीचा पत्ता लागणार नाही अशा ठिकाणी ठेवून त्यांची भूक मोजली. शरीरातल्या घड्याळाप्रमाणे भूक सगळ्यात कमी होती सकाळी ८च्या सुमारास आणि सगळ्यात जास्त रात्री ८च्या सुमारास. रात्रभर पोट रिकामं असूनही सकाळी भूक मंद असते, ही शरीराची रीतच आहे. त्यात साडेनऊचं जेवण, त्यानंतर तासाभरात झोप, आणि साडेसात तासांनी गजर. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. म्हणजे ६ वाजता तुम्ही जिला उठवताय, तिच्या शरीराच्या हिशेबाने अजून रात्रच आहे. त्या अर्धवट झोपेत कुणालाही घास नको वाटेल.

दुसरं कारण घरात सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: पोट साफ नसणं. एक मुलगा आठवतो, १० वर्षांचा. तक्रार हीच, सकाळी खात नाही, शाळेत पोटात दुखतं. दोन टॉनिकं आणि जंताचं औषध आधीच देऊन झालं होतं. त्याला टेबलावर झोपवून पोट चाचपलं तर डाव्या बाजूला खाली, बेंबीपासून चार बोटांवर, शौचाचे घट्ट गोळे बोटांना स्पष्ट लागत होते. मी विचारलं, “शाळेत शीला जातोस का?” त्याने नकारार्थी मान हलवली. दाराला कडी नाही म्हणाला. घरी सकाळी वेळ नाही, शाळेत लाज, आणि दुपारी घरी आल्यावर ती भावनाच गेलेली. आई थक्क झाली, कारण मुलगा ‘रोज जातो’ असं तिला वाटत होतं. जातही होता, थोडंसं. तीन-चार आठवडे शौच मऊ करणारं औषध, भरपूर पाणी, आणि संध्याकाळच्या खाण्यानंतर १० मिनिटं शांतपणे बसायची सवय, एवढंच केलं. पायाखाली लहान पाट ठेवायला सांगितला, म्हणजे गुडघे वर येतात आणि जोर नीट लागतो. नाश्त्याबद्दल आम्ही एक शब्द काढला नव्हता. महिन्याने आई म्हणाली, हा सकाळी स्वतःहून काहीतरी मागतो.

तुमच्या मुलीच्या बाबतीत हे आधी पडताळून पाहा. शौच घट्ट, मोठी, दुखून होणारी आहे का, चड्डीला डाग पडतात का, दोन-तीन दिवस जात नाही का. गंमत अशी की नाश्ता हाच यावर इलाजही आहे. पोटात अन्न गेलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि सकाळी हा परिणाम चांगला जाणवतो. पण त्यासाठी खाल्ल्यानंतर १० मिनिटं मोकळी हवीत.

तिसरं कारण मनातलं. सोमवारी जास्त मळमळतं आणि रविवारी नाही, असं असेल तर अन्नाचा विषय बाजूला ठेवून शाळेत काय चाललंय ते हळूच काढून घ्या. सुट्टीच्या दिवशी ती ९ला उठून पोटभर खात असेल, तर मात्र मला झोपेचीच शंका जास्त येईल, कारण त्या दिवशी झोपही पुरी झालेली असते.

मग करायचं काय? पहिले दोन आठवडे नाश्त्यात काही बदल करू नका. रात्रीच्या जेवणाची वेळ अलीकडे ओढा, साडेनऊवरून ८वर, जमलं तर साडेसातवर. दुपारी शाळेतून आल्यावर तिला नीट जेवू द्या आणि संध्याकाळी ५च्या आसपास भरीव काहीतरी खायला द्या, म्हणजे ती रात्रीच्या जेवणापर्यंत तग धरायला म्हणून मधल्या वेळी बिस्किटं तोंडात टाकत बसणार नाही. झोपेची वेळ एकदम दीड तास मागे नेलीत तर ती नुसती कुशी बदलत पडेल. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं मागे घ्या, ९पर्यंत आणा. झोपण्याआधीचा तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद. रात्री झोपताना मोठा पेला भरून दूध द्यायची सवय असेल तर ती सोडा, ते दूध सकाळकडे न्या.

बाबांबरोबर जेवण्याचा प्रश्न उरतो, आणि तो मला लहान वाटत नाही. दिवसभरात बापलेकीची तीच एक भेट असेल तर ती मोडायला मी सांगणार नाही. ती सकाळकडे वळवा. बाबांनी साडेसहाला तिच्यासमोर ताटली घेऊन बसावं आणि स्वतः खावं. उभ्याने चहा पिऊन निघणाऱ्या मोठ्यांनी मुलाला ‘बस आणि खा’ म्हटलं, तर मूल ते ऐकत नाही. समोर कुणीतरी खातंय, घाई नाही, कुणी आपल्या तोंडाकडे टक लावून बघत नाही, अशा वेळी मुलं आपोआप घास उचलतात.

सकाळचा क्रमही बदलून पाहा. उठल्याबरोबर खायला देऊ नका. पडदे उघडा, उजेड येऊ द्या, थोडं पाणी प्यायला द्या, आंघोळ आणि कपडे होऊ द्या, मग टेबलाशी. या मधल्या २०-२५ मिनिटांत मळमळ बऱ्याचदा विरते. दप्तर रात्रीच भरून ठेवलेलं असलं की ही मिनिटं निघतात.

हे दोन आठवडे झाले की नाश्त्याच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षा चार घासांची ठेवा. खरंच चारच. अर्धं केळं आणि दोन घोट दूध झालं तरी शाबास, बाकीचं डब्यात. शाळेने १०च्या आधी पाच मिनिटं काही खाऊ दिलं तर तसं बाईंशी बोलून ठेवा, नाहीतर दाराबाहेर पडताना हातात द्या. किती खायचं हे तिने ठरवावं. काय आणि कधी, हे तुम्ही. ही वाटणी घरात सगळ्यांनी पाळली की सकाळची रडारड थांबते. जबरदस्तीने भरवलेलं मूल त्या पदार्थाची मळमळीशी गाठ बांधतं आणि ती गाठ वर्षानुवर्षं सुटत नाही. दुधाचा वास आला तरी ओकारी येणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आठवणीत नाक दाबून पाजलेलं दूध असतं.

ताटलीत काय असावं? तीन गोष्टी एकत्र येतील असं बघा: धान्य, प्रथिनं आणि फळ किंवा भाजी. धान्य शक्यतो कोंड्यासकट. प्रथिनांसाठी अंडं, दूध, दही, कडधान्य, डाळ किंवा दाणे, घरात जे चालतं ते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, २०० मिली दुधात साडेसहाच्या आसपास. ९ वर्षांच्या, २७ किलोच्या मुलीला दिवसाला २५-२६ ग्रॅम प्रथिनं लागतात असं धरा, म्हणजे या दोन गोष्टींत निम्मी गरज भागते. प्रथिनं आणि तंतू पोटातून हळू सरकतात, त्यामुळे भूक लवकर परतत नाही. नुसती साखर आणि मैदा खाल्लेलं मूल तासा-दीड तासात पुन्हा ‘भूक लागली’ म्हणतं, हे घरोघरी दिसतं.

नुसतं दूध म्हणजे नाश्ता नव्हे. या वयाला दिवसाला साधारण १६०० ते १८०० उष्मांक लागतात, त्याचा पाव ते पंचमांश भाग सकाळी यावा, म्हणजे ३२० ते ४५०. पेलाभर दुधात १३०च्या आसपास येतात, तुमच्या अर्ध्या कपात त्याहून बरेच कमी. शिवाय दुधात लोह नसल्यासारखंच असतं. दुधावर पोट भरणारी मुलं फिकट पडलेली मी नेहमी पाहते.

त्या पावडरीबद्दल स्पष्ट बोलते. डब्यामागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममागे साखर किती, ते पाहा. समजा ६० ग्रॅम लिहिलीय आणि तुम्ही २० ग्रॅम पावडर घालता, तर १२ ग्रॅम साखर तिथेच झाली, वर तुमचा एक चमचा, ४-५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर धरून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत राहावं, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर आणखी चांगलं. १६०० उष्मांकांना १० टक्के म्हणजे ४० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २०. तो अर्धा कपच १६-१७ ग्रॅम घेऊन जातो. पावडर एकदम बंद केली तर दूधही बंद होईल, म्हणून दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. रंगीत, गोड, कुरकुरीत धान्याच्या खोक्यांनाही हाच तक्ता लावा. फळ चावून खाऊ द्या, रस नको. आणि चहा-कॉफी या वयाला नकोच; त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं धान्य-कडधान्यातलं लोह शोषू देत नाहीत. लिंबू, संत्रं, पेरू, टोमॅटो यातलं क जीवनसत्त्व उलट ते शोषायला मदत करतं.

रोज ताजं, गरम, नवं काही करायलाच हवं या समजुतीने आया थकून जातात. तसं काही नाही. १९३०च्या दशकात नॉर्वेतल्या ऑस्लोच्या शाळांत डॉ. कार्ल शिओत्झ यांच्या पुढाकाराने मुलांना जो नाश्ता मिळायचा त्यात शिजवलेलं काहीच नव्हतं: भरड धान्याचा पाव, चीज, दूध, एखादं फळ किंवा कच्चं गाजर, आणि हिवाळ्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल. शिजवलेल्या जेवणाऐवजी मुद्दाम तो ठेवला होता आणि पुढे इतर देशांनीही त्याची दखल घेतली. तुमच्याकडे रात्रीचं उरलेलं, नीट झाकून थंड ठेवलेलं अन्न सकाळी गरम करून दिलंत तरी तो उत्तम नाश्ता आहे. नाश्त्याचे म्हणून वेगळे पदार्थ असतात हे शरीराला ठाऊक नसतं. चावायचा कंटाळा असेल तर दही, फळ आणि दाण्याचं कूट घुसळून पातळ करून द्या. रात्री तिला दोनच पर्याय विचारा, “उद्या हे की ते?” आणि तिने निवडलेलं सकाळी समोर ठेवा. नवा पदार्थ मुलांना आवडायला ८-१० वेळा, कधी १५ वेळाही समोर यावा लागतो. तिसऱ्या दिवशी ‘हे तिला आवडतच नाही’ असा शिक्का मारू नका.

ज्या मुलांना लक्ष केंद्रित होण्यासाठी मिथाइलफेनिडेट चालू आहे, त्यांची भूक त्या गोळीने मरते, म्हणून आधी खाणं आणि मग गोळी. इन्सुलिनवरच्या मुलांच्या नाश्त्याची वेळ आणि प्रमाण त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच बदला. १२-१३च्या पुढची मुलगी किंवा मुलगा बारीक व्हायचं म्हणून नाश्ता टाळत असेल, तर विषय नाश्त्याचा राहत नाही. वजन आणि मन दोन्ही तपासून घ्यायला हवं.

तुमच्या मुलीला यातलं काही दिसलं तर वेळा बदलून वाट पाहत बसू नका, आधी दाखवून घ्या: वजन कमी होणं किंवा उंची थांबणं, पहाटे डोकं दुखून उलटी होणं, तहान आणि लघवी एकाएकी वाढणं, पोटदुखीने रात्री झोपेतून उठणं, शौचातून रक्त, चेहरा फिकट पडून खडू, माती खावीशी वाटणं. उपाशीपोटी घाम येऊन मूल सुस्त पडलं, नीट बोलत नसलं, आणि ते गिळू शकत असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, तसंच घेऊन निघा.

तीन आठवडे एका वहीत एवढंच लिहा: रात्री किती वाजता जेवली, कधी झोपली, सकाळी काय आणि किती घास खाल्ले, शौचाला गेली का, शाळेत पोट दुखलं का. तिलाच लिहू द्या, चौथीतल्या मुलीला जमतं. पोटदुखी कमी झालेली नसेल तर ती वही आणि मुलगी, दोघींना घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि पोट चाचपून बघा असं आठवणीने सांगा.